ऑपरेशन दोन तासांचे, बरे होणे नऊ महिन्यांचे

ऑस्ट्रियातील श्लाडमिंग येथे ५ फेब्रुवारी २०१३ रोजी जागतिक अजिंक्यपद स्कीइंग स्पर्धेत अमेरिकेची लिंडसे व्हॉन उडीनंतर बर्फावर टेकताना कोसळली. तिला हेलिकॉप्टरने रुग्णालयात न्यावे लागले. उजव्या गुडघ्यातील दोन अस्थिबंध तुटले होते आणि नडगीच्या हाडाचा गुडघ्यालगतचा भाग मोडला होता. व्हॉन तेव्हा ऑलिम्पिक सुवर्णपदक विजेती होती आणि सोचीचे हिवाळी ऑलिम्पिक वर्षावर आले होते. शस्त्रक्रिया झाली, व्यायाम झाला आणि ती सरावासाठी पुन्हा बर्फावर उतरली. नोव्हेंबरमध्ये सरावात ती पुन्हा पडली आणि त्याच गुडघ्यातील दुरुस्त केलेल्या अस्थिबंधाला पुन्हा इजा झाली. जानेवारी २०१४ मध्ये तिने सोचीला जाणार नसल्याचे जाहीर केले. दुसऱ्या शस्त्रक्रियेनंतर ती डिसेंबरमध्ये स्पर्धेत परतली आणि जानेवारी २०१५ मध्ये इटलीतील कोर्तिना येथे विश्वचषक मालिकेतील ६३ वा विजय मिळवून तिने महिलांमधला तोवरचा विक्रम मोडला.

पहिल्या वेळी घाई झाली म्हणूनच गुडघा पुन्हा गेला, असे या घटनाक्रमावरून म्हणता येणार नाही. ताशी शंभर किलोमीटरच्या वेगाने उतार उतरणाऱ्या खेळाडूचा धडधाकट गुडघाही एका चुकीच्या वळणावर जाऊ शकतो. पण या गोष्टीतला एक धडा सर्वांसाठी आहे. हाताशी उत्तम शल्यचिकित्सक, पूर्णवेळ फिजिओथेरपिस्ट आणि दिवसभर व्यायामाखेरीज दुसरे काम नाही, अशा खेळाडूलाही ऑलिम्पिकची तारीख गुडघ्यावर लादता आली नाही. मग चार दिवसांच्या सहलीत गुडघा मोडून घेणाऱ्या आणि दीड महिन्यात कार्यालयात हजर होण्याची घाई असलेल्या सामान्य माणसाचे काय? शस्त्रक्रिया यशस्वी झाली म्हणजे उपचार संपले, ही समजूत रुग्णांमध्ये, कुटुंबांमध्ये आणि विमा कंपन्यांमध्येही घट्ट बसलेली आहे. बर्फावरच्या दुखापतींचे विज्ञान नेमके त्याच्या उलट सांगते.

स्कीइंग आता मराठी माणसासाठी दूरचा विषय राहिलेला नाही. डिसेंबर ते मार्च या काळात गुलमर्ग, औली आणि मनालीजवळचे सोलंग येथे महाराष्ट्रातील पर्यटक जातात; त्यातले काही पहिल्यांदाच पायात स्की अडकवतात. गुलमर्गमध्ये २०२० पासून खेलो इंडिया हिवाळी क्रीडा स्पर्धा भरू लागल्या. स्वित्झर्लंड, अमेरिका, कॅनडा येथे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांतील मुलांसाठी तर हा शाळेच्या सुटीतला नेहमीचा खेळ आहे. हौशीने शिकणाऱ्यांची संख्या वाढते तशी पडणाऱ्यांचीही वाढणार, हे ओघाने आलेच.

या खेळात नेमके काय मोडते, याचाही एक इतिहास आहे. पूर्वी स्कीइंगची ओळखीची दुखापत म्हणजे मोडलेली नडगी. बूट स्कीला पक्का बांधलेला असे. पडताना स्की एका दिशेला आणि माणूस दुसऱ्या दिशेला गेला की मधले हाड पिळवटून मोडे. नॉर्वेत जन्मलेला आणि अमेरिकेत स्थायिक झालेला स्कीपटू यालमार वाम याचा पाय १९३७ मध्ये मोडला. रुग्णालयात पडल्या पडल्या त्याने ठरावीक जोर आल्यावर बूट आपोआप सोडून देणाऱ्या पकडीची कल्पना मांडली. त्यालाच आज ‘रिलीज बाइंडिंग’ म्हणतात. पुढच्या काही दशकांत या बाइंडिंगमध्ये मोठी सुधारणा झाली आणि नडगी मोडण्याचे प्रमाण खूपच घटले. गुडघ्याचे मात्र तसे झाले नाही. बाइंडिंग हाडाला वाचवण्यासाठी बनवलेले असते. गुडघ्यातील अस्थिबंध त्याहून कमी जोरात, बाइंडिंग सुटण्याआधीच तुटू शकतो. म्हणून आज स्कीइंगमध्ये सर्वाधिक मार बसतो तो गुडघ्याला.

त्यातही एक प्रकार विशेष ओळखीचा आहे. माणूस मागच्या बाजूला कलंडतो, बसल्यासारखा होतो, कंबर गुडघ्यांच्या खाली जाते आणि उताराकडच्या स्कीची मागची कड बर्फात रुतते. त्या क्षणी स्कीचे मागचे टोक उलट्या दिशेला लावलेल्या पावलासारखे काम करते आणि गुडघा आत पिळला जातो. अमेरिकेतील व्हरमाँट राज्यातील संशोधकांनी ही हालचाल चित्रफिती पाहून उलगडली आणि स्की पथकांतील कर्मचाऱ्यांना ती टाळण्याचे प्रशिक्षण दिले. १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात प्रशिक्षित गटातील गंभीर गुडघेदुखापती ६२ टक्क्यांनी कमी झाल्या. त्यांचा सल्ला साधा होता : तोल गेल्यावर पूर्ण थांबेपर्यंत उठण्याचा प्रयत्न करायचा नाही, पडताना पाय ताठ करायचे नाहीत आणि हात पुढे ठेवायचे.

स्नोबोर्डिंगची दुखापत वेगळी असते. दोन्ही पाय एकाच फळीला बांधलेले असल्याने गुडघे एकमेकांविरुद्ध पिळले जात नाहीत; पण पडणारा माणूस हात पुढे करतो आणि मनगट मोडते. नवशिक्यांमध्ये हे फार दिसते आणि मनगटाला आधार देणारे पट्टे घातले तर हा धोका कमी होतो. घोट्याच्या आतले एक लहानसे हाडही स्नोबोर्डवर मोडते. साध्या एक्स-रेमध्ये ते अनेकदा दिसत नाही, पाय मुरगळला असे समजून पट्टी बांधली जाते आणि महिनोन् महिने दुखणे चालू राहते. स्नोबोर्डवर पडल्यानंतर घोट्याच्या बाहेरच्या बाजूचे दुखणे दोन-तीन आठवड्यांत ओसरले नाही, तर सीटी स्कॅनचा विचार व्हायला हवा. स्कीइंग करणाऱ्यांचा अंगठाही असाच दुर्लक्षित राहतो. हातातल्या काठीसकट पडल्यावर अंगठा बाहेर ओढला जातो आणि त्याच्या मुळाशी असलेला अस्थिबंध तुटतो. वेळेवर उपचार न झाल्यास चिमटीची ताकद कायमची कमी होते. बाटलीचे झाकण उघडणे किंवा कुलपात किल्ली फिरवणेही जड जाते.

बरे होण्याची सुरुवात पडल्या जागेपासूनच होते आणि बिघडण्याचीही. पडताना गुडघ्यात ‘कट्’ असा आवाज आला, काही तासांतच गुडघा टम्म सुजला, पाय टेकताना गुडघा निसटल्यासारखा वाटला, तर आत काही तरी तुटले आहे असे धरून चालावे. इतक्या लवकर येणारी सूज ही बहुधा सांध्यात झालेल्या रक्तस्रावाची असते. अशा वेळी ‘थोडे चालून बघू’ किंवा ‘खालपर्यंत घसरत जाऊ’ हा विचार सोडून द्यायला हवा. बचाव पथक बोलवावे, पायाला आधार द्यावा, पाय उंच ठेवावा, दाबपट्टी बांधावी आणि दुखणे कमी करण्यासाठी कापडातून बर्फ लावावा. घरी पोहोचल्यावर गरम शेक, तेलाने रगडणे आणि हाडवैद्याकडून ‘बसवून घेणे’ हे आपल्याकडचे तीन हमखास उपाय पहिल्या दिवसांत सूज वाढवतात आणि मोडलेले हाड हलवू शकतात. ‘एक्स-रे नॉर्मल आहे’ या वाक्याने निश्चिंत होणेही चुकीचे. एक्स-रेमध्ये हाड दिसते. अस्थिबंध आणि गुडघ्यातील कूर्चेच्या गाद्या दिसत नाहीत. त्यासाठी अनुभवी डॉक्टरांनी हाताने केलेली तपासणी आणि गरज पडल्यास एमआरआय लागतो.

परतीच्या विमानाचाही विचार करावा लागतो. नुकतेच घातलेले, सगळीकडून बंद असलेले प्लॅस्टर विमानात धोक्याचे ठरू शकते, कारण पाय सुजला की त्याला जागाच उरत नाही. म्हणून प्लॅस्टर घातल्यानंतर साधारण एक-दोन दिवस विमान कंपन्या प्रवास करू देत नाहीत किंवा प्लॅस्टर चिरून घ्यायला सांगतात. पाय जखडलेला आणि त्यात युरोप-अमेरिकेतून मुंबईपर्यंतचा लांबचा प्रवास, हा योग पायातल्या नसांमध्ये रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढवतो. निघण्यापूर्वी डॉक्टरांना याबद्दल विचारणे आणि त्यांनी सांगितल्यास रक्त पातळ ठेवणारे औषध घेणे, हा उपचाराचाच भाग आहे.

यानंतर येतो सगळ्यात मोठा प्रश्न : ऑपरेशन करायचे की नाही? गुडघ्यातील पुढचा तिरपा अस्थिबंध, ज्याला सगळे ‘एसीएल’ म्हणून ओळखतात, तो तुटला की शस्त्रक्रिया अटळच, असे सर्रास सांगितले जाते. स्वीडनमध्ये झालेल्या आणि २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका नामांकित चाचणीत एसीएल तुटलेल्या १२१ तरुण, खेळत्या माणसांचे दोन गट केले गेले. एका गटावर लवकर शस्त्रक्रिया करून नंतर व्यायामोपचार दिले. दुसऱ्या गटाला आधी व्यायामोपचार दिले आणि गरज भासल्यासच शस्त्रक्रिया करायचे ठरवले. दोन वर्षांनी दोन्ही गटांच्या गुडघ्यांची स्थिती सारखीच होती. पाच वर्षांनीही फरक दिसला नाही, मात्र तोवर दुसऱ्या गटातील सुमारे निम्म्या लोकांनी शस्त्रक्रिया करून घेतली होती. म्हणजे शस्त्रक्रिया निरुपयोगी नाही. पुन्हा उतारावर वेगाने वळायचे असेल, रोजच्या चालण्यातही गुडघा निसटत असेल, सोबत कूर्चेची गादी दुरुस्त करण्याजोगी फाटली असेल, तर ती लागतेच. पण दोन्ही गटांमध्ये एक गोष्ट समान होती आणि ती म्हणजे महिनोन् महिने शिस्तीने केलेला व्यायाम. शस्त्रक्रियेचा निर्णय शांतपणे घेता येतो. व्यायामाला मात्र पर्याय नाही.

हे असे का, याचे उत्तर शरीराच्या कामकाजात आहे. तुटलेला एसीएल टाके घालून जोडला की जुळतोच असे नाही, म्हणून बहुतेक वेळा रुग्णाच्याच मांडीतून किंवा गुडघ्याच्या वाटीखालून कंडरेची पट्टी घेऊन ती हाडांत पाडलेल्या बोगद्यांतून बसवली जाते. बसवली त्या दिवशी ती पट्टी घट्ट असते, पण जिवंत अस्थिबंध नसते. तिला मिळणारा रक्तपुरवठा तुटलेला असतो. पुढच्या काही आठवड्यांत तिच्यातल्या जुन्या पेशी मरतात, नव्या रक्तवाहिन्या आत शिरतात आणि शरीर तिचे हळूहळू अस्थिबंधात रूपांतर करते. या बदलाच्या सुरुवातीला पट्टी मजबूत होण्याऐवजी कमकुवत होते. साधारण दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात ती सर्वांत नाजूक असते. घोटाळा इथेच होतो. नेमक्या याच सुमारास सूज ओसरलेली असते, दुखणे थांबलेले असते, लंगडणे गेलेले असते आणि रुग्णाला ‘आता सगळे ठीक आहे’ असे वाटू लागते. फिजिओथेरपी थांबते, दुचाकी निघते, एखादा सामना खेळून बघितला जातो. दुखणे थांबणे म्हणजे बरे होणे नव्हे, हे या एका उदाहरणातून जितके स्पष्ट होते तितके क्वचितच कुठे होत असेल.

घाईची किंमत आकड्यांत मोजली गेली आहे. नॉर्वे आणि अमेरिकेतील संशोधकांनी एसीएलची शस्त्रक्रिया झालेल्या १०६ जणांवर दोन वर्षे लक्ष ठेवले आणि निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध केले. खेळात परतणे नऊव्या महिन्यापर्यंत जितके पुढे ढकलले, तितका प्रत्येक महिन्यामागे पुन्हा दुखापत होण्याचा दर सुमारे निम्म्याने घटत गेला. ताकदीच्या आणि उड्यांच्या ठरावीक चाचण्या उत्तीर्ण न होता परतलेल्यांपैकी ३८ टक्क्यांना गुडघ्याची पुन्हा दुखापत झाली. उत्तीर्ण होऊन परतलेल्यांमध्ये हे प्रमाण सहा टक्क्यांहूनही कमी होते. अभ्यास लहान असला तरी त्याचा रोख इतर संशोधनांशी जुळणारा आहे. तरुणांसाठी इशारा अधिक कडक आहे. अनेक अभ्यास एकत्र करून पाहिल्यावर, पंचविशीच्या आत पुन्हा मैदानात उतरलेल्यांपैकी जवळपास २३ टक्क्यांना त्याच किंवा दुसऱ्या गुडघ्याचा एसीएल पुन्हा गमवावा लागला, असे आढळले. पुढचा हिशेबही आहे. एसीएल किंवा गादी फाटलेल्या लोकांपैकी सरासरी निम्म्या लोकांना दहा ते वीस वर्षांत सांध्याची झीज आणि त्यासोबतचे दुखणे गाठते. विशीत पडलेल्या मुलाच्या बाबतीत ही चाळिशीच्या आतली गोष्ट झाली.

मग नऊ महिने करायचे काय? पहिले काम दिसायला क्षुल्लक आणि प्रत्यक्षात सर्वांत महत्त्वाचे : गुडघा पूर्ण सरळ करणे. उशी गुडघ्याखाली ठेवून पाय वाकवून झोपणे सुखाचे वाटते, पण त्यामुळे गुडघा थोडासा वाकलेल्या स्थितीत आखडतो आणि ते थोडेसे वाकणे पुढे कायमचे लंगडणे ठरते. दुसरे काम मांडीच्या पुढच्या स्नायूला जागे करणे. गुडघा सुजला की मज्जासंस्था या स्नायूला मिळणारी आज्ञाच रोखून धरते. काही दिवसांतच मांडी बारीक दिसू लागते. हा आळस नव्हे, शरीराची संरक्षक प्रतिक्रिया असते आणि ती मोडून काढायला नेटाने व्यायाम करावा लागतो. सूज उतरली, पाय सरळ झाला, न लंगडता चालता आले की स्थिर सायकल, पायऱ्या, दोन्ही पायांवर अर्धी बैठक, मग एका पायावर बैठक, वजन घेऊन बैठक. त्यानंतर धावणे. त्यानंतर उडी मारून अलगद टेकणे, कारण अनेक एसीएल उडीत नव्हे तर टेकताना तुटतात. स्कीइंगला परतणाऱ्यासाठी आणखी एक टप्पा असतो : वाकलेल्या गुडघ्यांवर मिनिटभर तग धरणे आणि थकल्यावरही गुडघा आत न वळू देणे. भारतात याला आणखी एक जोड द्यावी लागते. मांडी घालून बसणे, उकिडवे बसणे, भारतीय पद्धतीचे शौचालय वापरणे या गोष्टी युरोपातल्या व्यायामतक्त्यात नसतात. इथल्या रुग्णाला त्या हव्या असतात. त्या कधी सुरू करायच्या हे विशेषतः गादी शिवलेली असेल तर डॉक्टरांकडून स्पष्ट विचारून घ्यायला हवे.

परतण्याची परवानगी तारखेने नव्हे, चाचणीने मिळायला हवी. दुखावलेल्या मांडीची ताकद चांगल्या मांडीच्या किमान ९० टक्के हवी. एका पायावर लांब उडी, तीन सलग उड्या यांतही तेवढेच अंतर पार व्हायला हवे. त्यातही एक मेख आहे. घरी बसून चांगला पायही अशक्त झालेला असतो, त्यामुळे ९० टक्क्यांचा आकडा फसवा ठरू शकतो. अनुभवी फिजिओथेरपिस्ट म्हणूनच चांगल्या पायाचे मोजमाप सुरुवातीलाच नोंदवून ठेवतात. आणि चाचणी उत्तीर्ण झाल्यावरही पहिला दिवस सोप्या उतारावर, दोन तासांचा, बाइंडिंगची पकड तज्ज्ञाकडून वजन आणि कौशल्यानुसार तपासून घेतलेला असावा. स्कीवरच्या अनेक दुखापती दिवसाच्या शेवटी, पाय थकलेले असताना, ‘एक शेवटची फेरी’ म्हणत होतात, हे प्रशिक्षक उगाच सांगत नाहीत.

स्नायूंच्या जोडीला मनही बरे व्हावे लागते आणि त्याची चाचणी क्वचितच घेतली जाते. सात हजारांहून अधिक रुग्णांची माहिती एकत्र करणाऱ्या २०१४ च्या एका आढाव्यात एसीएलच्या शस्त्रक्रियेनंतर ८१ टक्के लोक कुठल्या ना कुठल्या खेळात परतले. पण पूर्वीच्या पातळीवर ६५ टक्के आणि स्पर्धात्मक खेळात केवळ ५५ टक्के. यातल्या अनेकांचा गुडघा साथ देत होता, मन देत नव्हते. विश्वचषक मालिकेत कोणाहीपेक्षा अधिक शर्यती जिंकणारी अमेरिकेची मिकेला शिफ्रिन नोव्हेंबर २०२४ मध्ये किलिंग्टन येथे पडली आणि तिच्या पोटाच्या कडेला खोल जखम झाली. जखम भरल्यानंतरही ज्या प्रकारच्या शर्यतीत ती पडली होती, त्यात वेगाने उतरताना भीती आड येते, हे तिने उघडपणे सांगितले आणि पुढच्या जागतिक स्पर्धेत त्या शर्यतीतून माघार घेतली. त्याच महिन्यात, फेब्रुवारी २०२५ मध्ये, दुसऱ्या प्रकारात तिने शंभरावा विश्वचषक विजय मिळवला. भीती कबूल करणे आणि टप्प्याटप्प्याने तिच्याशी जुळवून घेणे हा दुबळेपणा नाही, हे इतक्या मोठ्या खेळाडूने दाखवून दिले. आणि कुणाला पुन्हा स्की पायात घालावीशीच वाटली नाही, तर तेही अपयश नव्हे. बरे होण्याची व्याख्या ज्याची त्याने ठरवायची असते.

डोक्याचा मार हा मात्र स्वतंत्र विषय आहे, कारण तिथे घाईची किंमत जिवानेच चुकवावी लागते. ब्रिटिश अभिनेत्री नताशा रिचर्डसन मार्च २००९ मध्ये कॅनडातील क्वेबेकमध्ये नवशिक्यांच्या उतारावर पडली. सुरुवातीला ती बोलत होती, ठीक वाटत होती, मदत नको म्हणत होती. कवटीच्या आत रक्त साचत गेले आणि दोन दिवसांत तिचा मृत्यू झाला. वाढत जाणारी डोकेदुखी, पुन्हा पुन्हा उलट्या, झोपाळूपणा, गोंधळलेले बोलणे, हातापायात अशक्तपणा किंवा फिट यांपैकी एकही लक्षण दिसले तर वाट पाहायची नाही. हेल्मेट कवटी वाचवण्यास मदत करते. आत हलणाऱ्या मेंदूला बसणारा हादरा ते पूर्णपणे थांबवू शकत नाही. अमेरिकेचा अव्वल स्नोबोर्डपटू केव्हिन पियर्स याने ३१ डिसेंबर २००९ रोजी हेल्मेट घातले होते, तरीही सरावात पडून त्याच्या मेंदूला गंभीर इजा झाली. तो पुढे बरा झाला, हौसेखातर बर्फावरही उतरला, पण त्याची स्पर्धात्मक कारकीर्द तिथेच संपली. पुन्हा डोक्यावर पडलो तर काय होईल, याचा हिशेब स्वीकारायला त्याला आणि त्याच्या कुटुंबाला फार मोठी वाट चालावी लागली.

मेंदूला बसलेल्या सौम्य हादऱ्याबद्दलचा सल्ला मधल्या काळात बदलला आहे. अंधाऱ्या खोलीत आठवडाभर पडून राहावे, असे आता सांगितले जात नाही. २०२२ मध्ये अ‍ॅमस्टरडॅम येथे झालेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेच्या निवेदनानुसार पहिले २४ ते ४८ तास जेमतेम विश्रांती घ्यावी, मोबाइल-टीव्ही कमी करावा आणि मग लक्षणे फारशी वाढणार नाहीत इतके चालणे-फिरणे सुरू करावे. खेळाकडे परतणे सहा पायऱ्यांनी व्हावे, प्रत्येक पायरीला किमान एक दिवस द्यावा. पूर्ण बरे वाटल्याशिवाय आणि डॉक्टरांनी तपासल्याशिवाय पुन्हा डोके आपटण्याची शक्यता असलेल्या कोणत्याही खेळात उतरू नये. विद्यार्थ्यांच्या बाबतीत खेळाआधी अभ्यासाकडे परतणे महत्त्वाचे मानले जाते, हेही पालकांनी लक्षात ठेवावे.

हे सगळे बर्फापुरते नाही, हे उघड आहे. महाराष्ट्रात एसीएल तुटतो तो बहुधा कबड्डीच्या मॅटवर, खो-खोच्या मैदानात, फुटबॉल खेळताना, बॅडमिंटन कोर्टवर किंवा पावसाळ्यात घसरलेल्या दुचाकीवरून. गुडघा तोच, पट्टी तीच, नऊ महिनेही तेच. फरक आहे तो व्यवस्थेत. आल्प्समधल्या स्कीपटूला शस्त्रक्रियेनंतर फिजिओथेरपिस्टकडे पाठवणे हा उपचाराचा ठरलेला भाग असतो. आपल्याकडे अनेक आरोग्य विमा पॉलिसी रुग्णालयातून सुटल्यानंतरचा खर्च ६० किंवा ९० दिवसांपर्यंतच देतात. म्हणजे कंडरेची पट्टी सर्वांत नाजूक असते, नेमक्या त्याच सुमारास विम्याचा हात सुटतो. ऑपरेशनचे लाखभर रुपये मंजूर होतात आणि ते ऑपरेशन टिकवणाऱ्या व्यायामाचे काही हजार नाकारले जातात. पुढे दुसरे ऑपरेशन झाले तर तेही मंजूर होते. हा व्यवहार विमा कंपनीच्याही फायद्याचा नाही. बाहेरगावच्या कबड्डीपटूला आठवड्यातून दोनदा शहरातल्या फिजिओथेरपी केंद्रात यायला एसटीचे भाडे आणि बुडालेली मजुरी परवडत नाही, म्हणून तो तिसऱ्या महिन्यात येणे थांबवतो. क्रीडा कोट्यातून मिळू शकणारी त्याची नोकरी त्या थांबण्यासोबत हातची जाते.

करता येण्याजोग्या गोष्टी फार मोठ्या नाहीत. विमा नियामकाने अस्थिबंधाच्या शस्त्रक्रियेनंतर फिजिओथेरपीचा खर्च किमान नऊ महिने देण्याची अट घालावी. फिजिओथेरपिस्टसह आरोग्य क्षेत्रातील सहव्यावसायिकांसाठी २०२१ मध्ये केंद्रीय कायदा झाला. त्या कायद्याची मान्यता जिल्हा रुग्णालयांतील भरलेल्या पदांमध्ये दिसायला हवी. डिस्चार्ज कार्डावर औषधांच्या खाली परतण्याच्या चाचण्या आणि त्यांची साधारण मुदत मराठीत लिहिलेली असावी. शाळा, तालीम संघ आणि क्रीडा मंडळांनी दुखापतीनंतर खेळाडूला संघात घेताना तारीख न विचारता चाचणीचा अहवाल मागावा. बर्फावर जाणाऱ्या पर्यटकांनी प्रवास विम्यात हिवाळी खेळांचा समावेश आहे का, हे तिकिटाआधी वाचावे. अनेक पॉलिसींमध्ये त्यासाठी वेगळे पैसे भरावे लागतात. आणि सहलीच्या दीड-दोन महिने आधी बैठका आणि जिने सुरू करावेत. गुडघ्याला सर्वांत स्वस्त संरक्षण तेच देते.

उतारावर पडायला एक क्षण पुरतो. त्यानंतरचे नऊ महिने कंटाळवाणे असतात. त्यात टाळ्या नसतात, फोटो काढण्यासारखे काही नसते, रोज तोच पाय तितक्याच वेळा उचलायचा असतो. पण वीस वर्षांनी जिना चढताना गुडघा साथ देईल की नाही, हे ऑपरेशनच्या दोन तासांपेक्षा याच कंटाळवाण्या महिन्यांवर अधिक अवलंबून असते. ते महिने रुग्णाने टाळू नयेत आणि व्यवस्थेने त्याला त्यात एकटे सोडू नये.